इस्पिकनंतर बदाम

एकदा नोंदलेलं ज्ञान कधीही नष्ट होत नाही, असं आमच्या रक्तपेढीच्या अध्यक्षांनी कॉम्प्युटरच्या उद्घाटनाच्या भाषणात सांगितलं होतं. ते भाषण आता कुठेही उपलब्ध नाही. माझ्या लक्षात हे एक वाक्य राहिलं, तेही भाषण चालू असताना माझ्या शेजारी उभे असलेले गृहस्थ हळूच म्हणाले म्हणून : "नष्ट हुत न्हाई. फक्त सापडत न्हाई."

या गृहस्थांना आम्ही सूचीकाका म्हणत असू. रक्तपेढी नगर शहरातली, एका विश्वस्त संस्थेची. मी तिथे तंत्रज्ञ होते. रक्तगट तपासणं, रुग्णाच्या रक्ताशी बाटली जुळवून पाहणं, ही माझी कामं. काका कॉम्प्युटर सांभाळत. आयुष्यभर त्यांनी भिंगारला लष्कराच्या एका भांडारात नागरी नोकर म्हणून सुट्या भागांच्या नोंदी ठेवल्या होत्या. कुठल्या गाडीचा कुठला बोल्ट कुठल्या फळीवर आहे, हे कार्डावर लिहायचं आणि मागितल्यावर काढून द्यायचं. निवृत्त झाल्यावर माणसं शेती बघतात, देवळात बसतात. काकांनी साठीला टेकता टेकता एका टायपिंगच्या क्लासात मुलांच्या रांगेत बसून कॉम्प्युटर शिकून घेतला आणि आमच्याकडे अर्ज केला. अर्जाच्या शेवटी त्यांनी त्या अर्जाचीच सूची जोडली होती. 'अनुभव, परिच्छेद दोन. शिक्षण, परिच्छेद तीन. अपेक्षा, नाही.'

अध्यक्षांना वाटलं, हा माणूस शिस्तीचा आहे. मला वाटलं, हा माणूस वेडा आहे. आम्ही दोघंही अर्धेअर्धे बरोबर होतो.

त्यांचं एक वाक्य ठरलेलं होतं. "ठेवलं म्हणजे ठेवलं न्हाई. सापडलं म्हणजे ठेवलं." मी फ्रीजमध्ये बाटली सरकवली, शिपायाने कपाटात कापूस कोंबला, अध्यक्षांनी खिशात पेन अडकवलं, की हे वाक्य कानावर यायचं. पुस्तक हातात आलं तर ते शेवटच्या पानापासून उघडत. शेवटी सूची नसेल तर परत करत. "मालकालाच म्हाईत न्हाई घरात काय हाय, तर पाव्हण्यानं कशाला जावं?"

त्यांच्या खिशात एक छोटी डायरी असे. दिवसभरात जे घडलं ते पुढून लिहायचं आणि मागच्या पानांवर त्याची सूची करायची. एकदा ती टेबलावर उघडी राहिली होती तेव्हा मी वाचलं : 'भांडण (शिपाई) १४, ३२, ८७. भांडण (घरी) नोंद नाही.'

घरी भांडण का होत नव्हतं, ते मला त्यांच्या घरी गेल्यावर कळलं. भिंगारला दोन खोल्यांचं घर. स्वयंपाकघरात फळीवर ओळीने पत्र्याचे डबे आणि प्रत्येकावर फक्त आकडा. कशात काय आहे त्याची यादी भिंतीवर खिळ्याला टांगलेली. काकू चहा करता करता मला म्हणाल्या, "मोहरी सतराला हाय, जिरं अठराला. मिठाला दोन नंबर हाईत."

"दोन का?"

"मीठ दोनदा लागतं म्हनं. लग्नाला बत्तीस वर्सं झाली, मी यादी बघत न्हाई. पर त्यांना वाटतं मी बघते, म्हनून भांडन न्हाई."

फळीवरचे डबे दोन नंबरपासून सुरू होत होते. एक कुठे आहे, असं मी विचारलं. काकूंनी वर बोट केलं. बाबासाहेबांच्या तसबिरीखाली, वेगळ्या फळीवर एक डबा होता. "त्यात खायचं काही न्हाई," त्या म्हणाल्या.

काकांनी तो खाली काढला. आत एक जुनी वही होती, शाळकरी, कडा काळ्या पडलेल्या. शेवगावच्या बाजूच्या त्यांच्या गावातल्या वस्तीने छप्पन्न साली धम्म स्वीकारला, तेव्हा त्यांच्या वडिलांनी वस्तीतल्या एकूण एक माणसाचं नाव त्यात लिहिलं होतं, मांडीवरच्या पोरांसकट. वडील फारसे शिकलेले नव्हते; अक्षर पाटीवर गिरवल्यासारखं मोठं होतं.

"गावच्या कागदात आमी सगळे मिळून एक नाव हुतो," काका म्हणाले. "वडलांनी एकेक येगळं लिव्हलं. शेवटच्या पानावर बगा."

शेवटच्या पानावर सूची होती. कोण कितव्या पानावर आहे त्याची. पूर्ण वही अकरा पानांची होती.

मी चहा प्यायले. वही पुन्हा एक नंबरला गेली.

रक्तपेढीत कॉम्प्युटर आला तो थाटात. त्याच्यासाठी काचेची खोली केली, एसी बसवला, दाराशी 'चपला बाहेर काढाव्यात' अशी पाटी लावली. रक्त साध्या फ्रीजमध्ये होतं. उद्घाटनाला अध्यक्षांनी हार आणला होता, तो पडद्याभोवती घालायचा होता. काका म्हणाले, "त्याला वारं लागतं, साहेब." अध्यक्षांनी हार स्वतःच्या गळ्यात ठेवला आणि नारळ फोडला. नारळाचं पाणी कीबोर्डच्या दिशेने निघालं तेव्हा काकांनी कीबोर्ड लहान मुलासारखा उचलून छातीशी धरला. फोटोत ते तसेच आहेत. बाकी सगळे टाळ्या वाजवत आहेत.

त्यानंतर काकांनी रक्तदात्यांचं रजिस्टर कॉम्प्युटरवर चढवलं. जिल्हाभरच्या शिबिरांचे फॉर्म होते, चार हजारांच्या आसपास. कॉम्प्युटरला मराठी येत नव्हतं, म्हणून सगळं इंग्रजी अक्षरांत. ते चढवून झाल्यावर कागदी फॉर्म चार गोण्यांत भरून मागच्या गोदामात गेले, आणि काकांनी त्यांचं खरं काम सुरू केलं. सूच्या.

सूची म्हणजे काय, ते त्यांनी मला एकदा समजावलं होतं. रजिस्टरात माणसं आली त्या क्रमाने बसलेली असतात. पहिला आलेला एक नंबर, दुसरा दोन नंबर. त्यातून काष्टीचे दाते शोधायचे तर कॉम्प्युटरलाही चार हजार नावं वाचावी लागतात. म्हणून शेजारी एक वेगळी फाईल करायची, तिच्यात सगळी गावं अक्षरवार लावायची आणि प्रत्येक गावापुढे फक्त रजिस्टरातला नंबर लिहायचा. गाव सांगितलं की कॉम्प्युटर त्या फाईलीत बघतो, नंबर काढतो आणि थेट त्या माणसाकडे जातो.

त्यांनी अशा सूच्या केल्या : नावाची, गावाची, रक्तगटाची, शिबिराची, शेवटच्या रक्तदानाच्या तारखेची. सहावी धंद्याची होती. अध्यक्ष हसून म्हणाले, "अहो, रक्ताला धंदा असतो का?"

"रक्ताला नसतो, साहेब. मानसाला असतो. दाता टेम्पोवाला असला तर तो सोता येतो. न्हाईतर आनायला गाडी पाठवा."

अध्यक्षांना हे पटलं नाही, पण गाडी संस्थेची असल्यामुळे त्यांनी होकार दिला. काही महिन्यांनी सातवी सूची आली, ती वाढदिवसांची. प्रत्येक दात्याला वाढदिवशी अध्यक्षांच्या सहीचं शुभेच्छापत्र जावं, ही कल्पना अध्यक्षांची. काकांनी एका दुपारी ती सूची करून दिली. पत्रं गेली आणि एका दात्याचं उत्तरही आलं. त्याने विचारलं होतं की वीज मंडळाच्या अध्यक्षांशी यांची ओळख आहे का.

एवढं सगळं साठवायचं म्हणजे त्याची प्रत ठेवायला हवी. काकांनी तीही आपोआप व्हावी अशी सोय केली होती. रोज दुपारी दीड वाजता, आम्ही जेवायला उठलो की कॉम्प्युटर स्वतःहून त्या वाराच्या फ्लॉपीवर प्रत उतरवायचा. सोमवार ते शनिवार, सहा फ्लॉप्या. आधीची प्रत पुसायची, मग सूच्या उतरवायच्या, मग रजिस्टर, मग पडदा स्वच्छ करून टीऽक असा आवाज करायचा. सूच्या आधी हा क्रम काकांनीच घातला होता. घर वाहून चाललं तर काय आधी उचलाल, असं त्यांना विचारलं असतं तर त्यांनी भिंतीवरची यादी उचलली असती. पडदा स्वच्छ करायची आज्ञाही त्यांचीच. पडद्यावर जुनी अक्षरं लोळत पडलेली त्यांना खपत नसत.

काका कशावरही विश्वास ठेवत नसत. बँकेचं पासबुक ते दोनदा तपासत, एसटीची पाटी तीन जणांना विचारत. या एका गोष्टीवर त्यांचा विश्वास होता, कारण ती त्यांनी स्वतः लिहिली होती. दीड वाजता ते डबा घेऊन बाहेर लिंबाखाली बसत. टीऽक आवाज ऐकू आला की ताकाचा शेवटचा घोट घेत.

मग एका सकाळी लाईट गेली, आली, गेली आणि फार जोरात आली. कॉम्प्युटरच्या पोटातून जात्यात खडा आल्यासारखा आवाज आला. हार्ड डिस्क गेली. दुरुस्तीवाला म्हणाला, "डेटा विसरा." अध्यक्ष खुर्चीतून उठले. काका मात्र शांत होते. थोडे खूशच होते, असं मला वाटलं. विमा उतरवलेल्या माणसाच्या घराला आग लागली की त्याच्या चेहऱ्यावर दुःखाआड जे दिसतं, ते.

नवी डिस्क बसली. काकांनी कालची फ्लॉपी घातली. सातही सूच्या होत्या. रजिस्टर नव्हतं. परवाची घातली. सूच्या होत्या, रजिस्टर नव्हतं. सहाही फ्लॉप्या त्यांनी एकेक करून घातल्या, काढल्या, पाकिटात ठेवल्या.

झालं होतं ते असं. दाता एक जरी वाढला, तरी सातही सूच्या बदलतात, म्हणून रोज सातही नव्याने उतरत. त्यांनीच फ्लॉपी भरत आणली होती. सहा होत्या तोवर रजिस्टर कसंबसं मावत होतं. सातवी आली आणि रजिस्टरला जागा उरली नाही. 'जागा नाही' असं कॉम्प्युटर रोज दुपारी पडद्यावर लिहीत होता. मग पडदा स्वच्छ करत होता. आणि टीऽक करत होता. चार महिने.

"गल्लीच्या पाट्या ऱ्हायल्या," काका म्हणाले. "घरं वाहून गेली."

मी म्हटलं, "काका, सातवी सूची तर अध्यक्षांची होती. त्यांना सांगा ना."

"जागा मोजायचं काम माझं हुतं."

अध्यक्षांना त्यांनी एवढंच सांगितलं की चूक माझी आहे. अध्यक्षांनी त्याच दिवशी खुलासा मागणारी नोटीस टाईप करून घेतली. 'आपल्या अक्षम्य हलगर्जीपणामुळे संस्थेच्या उज्ज्वल परंपरेस' वगैरे. काकांनी ती घेतली, पोच दिली आणि काचेच्या खोलीतल्या टेबलावर कागददाबाखाली ठेवली.

तिसऱ्या दिवशी सकाळी एका प्रसूतिगृहातून रक्ताचा नमुना आला. बाई शेवगावकडची, आदल्या दिवशी बाळंत झालेली, रक्तस्राव थांबत नव्हता. चिठ्ठीवर 'ओ पॉझिटिव्ह, दोन बाटल्या, तातडीने' असं होतं. ओ गटाच्या बाटल्या आमच्याकडे भरपूर. मी पहिली जुळवून पाहिली. काचेवर नासलेल्या दुधासारख्या गुठळ्या झाल्या. दुसरी घेतली, तेच. पाच बाटल्या झाल्या, पाचही तशाच. आणखी एक तपासणी केली आणि खात्री पटली. दिसायला ओ, पण ओ नाही. बॉम्बे ग्रुप. नाव मुंबईचं असलं तरी मुंबईतही सहजी न मिळणारा. या माणसांना फक्त त्यांच्याच गटाचं रक्त चालतं. दुसरं दिलं तर ते रक्तच मारतं.

बाईचा भाऊ व्हरांड्यात उभा होता. त्याचं रक्त तपासलं, साधं ओ निघालं. तो म्हणाला, "मंग आता, म्याडम? तुमच्याकडं न्हाई म्हंजे कुटंच न्हाई का?"

"बघते," मी म्हटलं. पुण्याला फोन केला. त्यांच्याकडे एक दाता होता, तो दुबईला गेला होता. मुंबईहून सांगितलं, उद्यापर्यंत कळवतो. प्रसूतिगृहाच्या डॉक्टरांनी फोनवर विचारलं, "उद्या? मला संध्याकाळ काढता आली तर पुष्कळ."

मी चपला न काढता कॉम्प्युटरच्या खोलीत गेले. काका कोऱ्या पडद्यासमोर बसले होते.

"काका, बॉम्बे ग्रुप. आपल्याकडे दोन दाते होते."

"हुते."

"कोण ते आठवतं का?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी त्यांना चोरी केली का विचारलं. "सूची असताना ध्यानात कशाला ठिवू?"

गोदामात चार गोण्या होत्या. एकेक फॉर्म उलगडून पाहायचा तर आम्हाला दोन दिवस लागले असते. मी दाराशी उभी होते, भाऊ माझ्या मागे. काकांनी विचारलं, "ताई, सूचीत काय असतं?"

"नंबर."

"नंबर कुनापुढं असतो?"

"नावापुढे."

"मंग नाव आसंलच की. नाव असल्याबिगर ती लावनार कशी अक्षरवार?" ते फ्लॉप्यांच्या पाकिटांकडे वळले होते. "नावाच्या सूचीत सगळ्यांची नावं हाईत. गावाच्या सूचीत सगळ्यांची गावं. नंबर एकच हाय. घरं गेली, पर पाट्यांवर घरमालकाचं नाव हाय!"

मी त्यांना कधी मोठ्याने बोलताना ऐकलं नव्हतं.

सूची ही माणसाने वाचायची फाईल नसते. कॉम्प्युटर ती स्वतःशी बोलावी तशी लिहितो. काकांनी तिचं पोट जसंच्या तसं दाखवणारा एक प्रोग्राम चालू केला आणि पडदा भरून गेला तो वेडगळ चिन्हांनी. अक्षरं होती, पण त्यांच्या मध्ये मध्ये हसरे चेहरे, बाण, आणि पत्त्यांतले बदाम, किलवर, चौकट, इस्पिक.

"हे काय आहे?"

"नंबर. एकापासून सहापर्यंतचे आकडे त्याला असेच दिसतात. एक म्हंजे हसरं तोंड, तीन म्हंजे बदाम, सहा म्हंजे इस्पिक. एका नंबराला दोन खुना. वाचता याया पाहिजे आसं न्हाई. एकमेकाशेजारी कोन बसलंय तेवडं बगा."

रक्तगटाची सूची गटवार लावलेली. ओच्या लांबच लांब ओळीच्या शेवटी, 'ओ-बॉम्बे' या आमच्या खुणेचे दोन दाते होते. एकापुढे किलवर आणि चौकट. दुसऱ्यापुढे इस्पिक आणि बदाम. चार हजार माणसांत या बाईला चालणारी दोन माणसं, आणि आम्हाला त्यांच्याबद्दल एवढीच माहिती होती.

आता नावाच्या सूचीत ही जोडी शोधायची. इथे एक गंमत होती, जी त्या वेळी कोणाला गंमत वाटली नाही. सूची नावावरून नंबर काढून देते. आम्हाला नंबरावरून नाव हवं होतं, म्हणजे उलट दिशेने. त्यासाठी सूचीची सूची नव्हती. सगळं आयुष्य कुणाला शोधावं लागू नये म्हणून घालवलेला माणूस आता चार हजार नावं डोळ्यांनी शोधत बसला. मी शेजारी स्टुलावर. भाऊ दारात, पायातली चप्पल हातात घेऊन.

"चौकट-बदाम!" मी ओरडले.

"चौकट नको. इस्पिक."

पुढचा पडदा. पुढचा पडदा. काका बोटाने ओळ धरत होते, दळणातले खडे बघावेत तसे. काही वेळाने भाऊही जवळ आला. म्हणाला, "पत्ते मला कळत्यात. मी बी बगतो." इंग्रजी त्याला वाचता येत नव्हतं, इस्पिक येत होतं. किलवर-चौकट त्यानेच पकडला. गावाच्या सूचीतून त्या दात्याचं गाव काढून तिथे फोन केला. शिक्षक होते, बदली होऊन चंद्रपूरला गेले होते. भावाने चप्पल दुसऱ्या हातात घेतली.

मग अर्ध्या तासाने, एस अक्षर संपता संपता, काका थांबले. बोट पडद्यावर टेकवलं. इस्पिक. नंतर बदाम. डावीकडे एक नाव, एका माणसाचं, आडनावासकट.

गावाच्या सूचीत तीच जोडी काष्टीसमोर मिळाली. तारखेच्या सूचीत पाहिलं. शेवटचं रक्तदान वर्षापूर्वीचं, म्हणजे देऊ शकत होता. फोन नंबर कुठल्याच सूचीत नव्हता, पत्ताही नाही. काष्टी मोठं गाव.

"एवढ्या गावात कुठे शोधायचा?" मी म्हटलं.

काकांनी सहावी सूची उघडली, ज्या सूचीवरून अध्यक्ष हसले होते ती. धंदा. इस्पिक-बदामच्या शेजारी लिहिलं होतं : शेळ्यांचा व्यापार.

काकांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. "आज काष्टीचा बाजार."

काष्टीच्या एका एसटीडी बूथवाल्याला फोन लावला. तो म्हणाला, दुकान सोडून कसा जाऊ? भावाने माझ्या हातातून फोन घेतला. "दादा," तो म्हणाला, "माझी भैन हाय." बूथवाल्याने शटर ओढलं असावं, कारण अर्ध्या तासात जनावरांच्या बाजारात उंदराचं औषध विकणाऱ्याच्या लाऊडस्पीकरवरून त्या माणसाचं नाव तीनदा पुकारलं गेलं. हे आम्हाला त्या माणसानेच नंतर सांगितलं. "माझं नाव आन् उंदराचं औषध एका दमात. मला वाटलं, कुनी तरी मेलं."

चारच्या सुमाराला टेम्पो आला. उतरला तो पन्नाशीचा, पागोटेवाला, काटक माणूस. काखेत एक शेळी.

"रक्त घ्या," तो म्हणाला, "पर हिला कुटं बांदू? बाजारात सोडून आलो आस्तो तर परत गावली नस्ती."

आमच्याकडे दोरी नव्हती. रक्तपेढीत रबराची नळी असते, दोरी नसते. व्हरांड्याला फाटक नव्हतं, रस्त्यावर ट्रक. कडी लागेल असं दार एकाच खोलीला होतं. काका पुढे झाले, शेळी हातात घेतली आणि एसीच्या खोलीत घेऊन गेले. ज्या खोलीत त्यांनी अध्यक्षांना अनवाणी उभं केलं होतं, तिथे. शेळीच्या पायात चप्पल नव्हती, त्यामुळे नियम मोडला नाही.

मी रक्त घेतलं, जुळवून पाहिलं. काच स्वच्छ राहिली. एकही गुठळी नाही. मी ती काच उजेडाकडे धरून किती वेळ पाहत होते कोण जाणे. भाऊ म्हणाला, "म्याडम, द्या ना वो," तेव्हा भानावर आले. तो बाटली पोटाशी धरून पळत गेला.

बाई वाचली. दोन मागितल्या होत्या, एक मिळाली, तेवढीच पुरली. दुसऱ्या दिवशी भाऊ पेढे घेऊन आला. काकांच्या पाया पडायला वाकला तर काका मागे सरले. "माझ्या चुकीनं तुमचा अर्धा दिवस गेला," ते म्हणाले. भावाला ते कळलं नाही. मी त्याला समजावलं नाही.

ज्यांच्या चुकीमुळे रजिस्टर गेलं आणि ज्यांच्या वेडामुळे ते परत मिळालं, ते एकच गृहस्थ होते, आणि चूक व वेड हीही एकच गोष्ट होती. सूच्यांचा हव्यास नसता तर फ्लॉपी भरली नसती. सूच्यांचा हव्यास नसता तर भरलेल्या फ्लॉपीतून एक इस्पिक आणि एक बदाम काढता आला नसता. मी पुष्कळ विद्वान माणसं पाहिली आहेत, बहुतेक भाषणं करताना. आपल्या चुकीचा नकाशा एवढा तोंडपाठ असलेला माणूस मी दुसरा पाहिला नाही.

महिन्याभराने सत्कार झाला. 'संगणकाने वाचवले प्राण' असा फलक होता. अध्यक्ष म्हणाले, यंत्राला हृदय नसतं असं कोण म्हणतं? शाल काकांना द्यायची होती, पण काका मंचावर नव्हते. ते आत सातही सूच्या शेजारी शेजारी ठेवून, नंबराला नंबर लावून रजिस्टर पुन्हा उभं करत होते. शाल अध्यक्षांनी तात्पुरती स्वतःकडे ठेवली. खुलाशाची नोटीस मात्र पुढे रेटता आली नाही. उत्तर येईना म्हणून अध्यक्षांनी मूळ प्रत मागितली, तेव्हा ती कागददाबाखाली नव्हती. कागददाब होता. "सापडत न्हाई, साहेब," काका म्हणाले. त्यांच्या तोंडून हे शब्द मी पहिल्यांदाच ऐकले. शेळी त्या खोलीत दीड तास होती, एवढं मला माहीत आहे.

रजिस्टर पूर्ण व्हायला पाच महिने लागले. सूच्यांत होतं ते सगळं परत आलं, फोन आणि पत्ते गोण्यांतल्या फॉर्मांवरून भरले. एक रकाना मात्र आला नाही, कारण तो फॉर्मवर नव्हता आणि त्याची सूची कधी केलीच नव्हती. शेऱ्याचा. त्यात मी दात्यांबद्दल बारीकसारीक लिहीत असे. 'सुई बघू देऊ नये.' 'बोलत ठेवावं.' 'आईला कळवू नये.' त्याचा कोणाला काही उपयोग असेल, असं मला वाटत नव्हतं.

काकांनी स्वतः येऊन सांगितलं. "ताई, तुमचा शेरा गेला."

"जाऊ द्या हो."

"आसं कसं? चार हजार मानसं परत आली, पर सगळी सारखी दिसाया लागली."

प्रत उतरवायचा क्रम त्यांनी बदलला. रजिस्टर आधी. सूच्या तर उतरवायच्याच नाहीत. रजिस्टर असलं की त्या पुन्हा करता येतात. "सावलीची प्रत कशाला? मानूस उभा केला की पडतीच," असं त्यांनी मला सांगितलं, आणि ते सांगताना त्यांना किती जड गेलं असेल ते मला माहीत होतं. दीड वाजता ते आता डबा घेऊन पडद्यासमोर बसत. टीऽक वाजण्याआधी वाचत.

एक सूची मात्र त्यांनी वाढवली, शेऱ्याची. तिच्यासाठी पहिला शेरा त्यांनी स्वतः लिहिला, काष्टीच्या दात्यापुढे : 'येताना शेळी असते. दोरी ठेवावी.' आणि दोरी आणली. साडेतीन हात, सुताची. कपाटात तिसऱ्या कप्प्यात ठेवली, तिला चिठ्ठी बांधली, साठ्याच्या यादीत नोंद केली.

काष्टीचा माणूस पुढे दोनदा आला, दोन्ही वेळा एकटाच. काका जाऊन आता बरीच वर्षं झाली. एक नंबरचा डबा काकूंकडे आहे. मी मध्यंतरी रक्तपेढीत गेले होते; सगळं नवं आहे, यंत्रं, फ्रीज, माणसं. कपाट तेच आहे. तिसऱ्या कप्प्यात दोरी होती. ती कशासाठी आहे, हे तिथल्या मुलीला माहीत नव्हतं. पण यादीत आहे म्हणून दरवर्षी मार्चमध्ये मोजतात, असं ती म्हणाली. दरवर्षी एक भरते.